संत्र्याची साल आणि समुद्रावरचा तवंग

नरखेड तालुक्यातल्या मुलाला संत्रे कसे सोलावे हे कुणी शिकवायला नको. आंबिया बहार असो की मृग बहार, घरात संत्री असतातच. पण आज सोललेली साल लगेच फेकून देऊ नका. एका पसरट थाळीत पाणी घ्या. थाळीचा तळ काळा असेल तर फारच उत्तम. पाणी अगदी स्थिर झाले की सालीचा तुकडा पाण्याजवळ धरा आणि बाहेरची केशरी बाजू पाण्याकडे करून तो झटकन मुडपा. सालीतून एक बारीक फवारा उडेल. आता खिडकीचा उजेड पाण्यावर तिरपा पडेल अशा बेताने थाळीकडे पाहा. पाण्यावर निळे, जांभळे, सोनेरी रंग हलताना दिसतील.

हे रंग सालीतल्या तेलाचे आहेत. त्या तेलात लिमोनिन नावाचा पदार्थ मुख्यत्वे असतो. त्याची घनता सुमारे ०.८४, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. म्हणून ते तरंगते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पसरते. आणि पसरून इतके पातळ होते की थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग पुसले जातात व काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही याच कारणाने. पावसाळ्यात पेट्रोल पंपापुढच्या डबक्यावर तुम्ही हेच पाहिले असेल.

आता तुम्ही म्हणाल, थाळीतल्या या गमतीचा समुद्राशी काय संबंध? नरखेडपासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेसहाशे किलोमीटर दूर आहे. शिवाय आपल्या जाम नदीचे पाणी वर्धेला मिळते, वर्धेचे प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरीचे बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपले पाणीसुद्धा मुंबईकडे जात नाही! हे सगळे खरे. तरीही मुंबईच्या समुद्रात तेल सांडले तेव्हा शास्त्रज्ञांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो या थाळीवरून समजून घेता येतो. प्रश्न असा: वरून दिसतो तो तवंग. त्याच्याखालच्या पाण्याचे काय झाले, हे कसे कळायचे?

७ ऑगस्ट २०१० ची सकाळ. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरवाहू जहाज बाहेर पडत होते. ‘खलिजिया-३’ हे दुसरे जहाज मुंबई बंदराकडे येत होते. बंदराच्या तोंडाशी दोघांची टक्कर झाली. ‘चित्रा’ला मोठे भोक पडले आणि ती एका बाजूला इतकी कलली की तिच्यावरचे कंटेनर घसरून पाण्यात पडू लागले. जहाजावर सुमारे बाराशे कंटेनर होते; त्यांपैकी शेकडो समुद्रात गेले. काहींमध्ये कीटकनाशके होती. जहाजाच्या टाक्यांत अडीच हजार टनांहून अधिक इंधनतेल होते. त्यातील सुमारे ८०० टन समुद्रात सांडले असा अंदाज आहे. तरंगणाऱ्या कंटेनरांमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. तटरक्षक दलाची जहाजे व हेलिकॉप्टरे तेलावर फवारणी करण्याच्या कामाला लागली.

दिवस कोणते होते तेही ध्यानात घ्या. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आली होती. नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या रंगवून, जाळी दुरुस्त करून कोळी बांधव समुद्रावर जाण्याच्या तयारीत होते. नेमक्या त्याच वेळी किनाऱ्यावर काळे तेल आले आणि मासे खाऊ नका अशा बातम्या पसरल्या. ऐन बहारात बाजारात कुणी संत्र्याला हात लावेनासे झाले तर आपल्याकडे काय होईल, याची कल्पना करा. मासा खरोखर बिघडला आहे की नाही, किती दिवस बिघडलेला राहील, कोणत्या खाडीतला बिघडला आणि कोणत्या नाही, याचे उत्तर नुसते डोळ्यांनी देता येत नाही. ते मोजूनच द्यावे लागते.

आधी डोळ्यांनी किती सांगता येते ते पाहू. तवंगाच्या रंगावरून थराची जाडी अदमासे कळते. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रॉन. थर ०.०४ ते ०.३ मायक्रॉन असेल तर पाण्यावर नुसती रुपेरी झाक दिसते. ०.३ ते ५ मायक्रॉन असेल तर इंद्रधनुष्यी रंग दिसतात. त्याहून जाड थर धातूसारखा चमकतो आणि आणखी जाड झाला की तेलाचा स्वतःचा काळा-तपकिरी रंग दिसू लागतो. विमानातून टेहळणी करणारे याच खुणा वापरतात.

आता एक हिशेब करा. १ लिटर तेल ०.१ मायक्रॉन जाडीने पसरले तर किती जागा व्यापेल? १ लिटर म्हणजे एका घनमीटरचा हजारावा भाग. त्याला जाडीने भागले की उत्तर येते १०,००० चौरस मीटर, म्हणजे बरोबर १ हेक्टर. सहा बाय सहा मीटरवर लावलेली संत्र्याची सुमारे पावणेतीनशे झाडे मावतील एवढी बाग एका लिटर तेलाने झाकली जाते! अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅफम येथील तळ्यात चमचाभर तेल टाकले तेव्हा ते सुमारे अर्धा एकर पसरले व तेवढ्या भागातल्या लाटा निवल्या. हा प्रयोग त्यांनी १७७४ साली प्रसिद्ध केला. याच हिशेबाने ८०० टन तेल रुपेरी झाकेइतके पातळ पसरले असते तर त्याने सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर जिल्ह्याहून थोडेसेच कमी क्षेत्र व्यापले असते.

प्रत्यक्षात तसे होत नाही. इंधनतेल डांबरासारखे घट्ट असते. ते सारखे पसरत नाही. बहुतेक तेल थोड्याशा जागेतल्या जाड पट्ट्यांत व गोळ्यांत राहते आणि भोवती मैलोगणती नुसती झाक दिसते. म्हणून वर्तमानपत्रात ‘इतक्या किलोमीटरपर्यंत तवंग’ असे वाचले की त्यावरून तेल किती सांडले याचा निष्कर्ष काढू नये. मला वाटते, अशा बातम्या वाचताना निम्मे लोक इथेच फसतात.

तवंग कुठे जाणार हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. तेल पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहते आणि त्यात वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाची भर पडते. ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर तेल ताशी ०.९ किलोमीटर सरकेल, म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस किलोमीटर. ऑगस्टमधला वारा नैर्ऋत्येचा. तो तेलाला खुल्या समुद्रात नेण्याऐवजी आत, बंदराकडे व खाड्यांकडे लोटतो. त्यातच मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साडेचार मीटरपर्यंत जातो. दिवसातून दोनदा तेल खाडीत शिरते आणि दोनदा थोडे बाहेर येते. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था आता अशा वेळी संगणकावर हा हिशेब करून तेल कोणत्या किनाऱ्याला लागेल याचा अंदाज तटरक्षक दलाला देते. उपग्रहावरील रडारचाही उपयोग होतो. तेलामुळे पाण्यावरच्या बारीक लाटा निवतात, फ्रँकलिनच्या तळ्यात निवल्या तशाच, आणि रडारच्या चित्रात तो भाग काळा उमटतो.

पण रडारला दिसतो तो पुन्हा वरचा थरच! आता खाली उतरू.

समजा, तुम्ही नमुने घेणाऱ्या होडीवर आहात. बाटली पाण्यात बुडवली आणि भरली, इतके ते सोपे नाही. बाटली पाण्यात जाताना तवंगातून जाते. तोंड उघडे असेल तर वरचे तेल आत शिरेल आणि पाच मीटर खोलीवरच्या पाण्यात भरमसाट तेल आहे असा खोटा आकडा मिळेल. म्हणून बाटली बंद ठेवून खाली सोडतात व हव्या त्या खोलीवर उघडतात. बाटली काचेची, गडद रंगाची हवी. प्लास्टिकला तेल चिकटते, आणि उजेडाने तेलातले काही पदार्थ बदलतात. होडीचे इंजिनही तेल गाळत असतेच, म्हणून वाऱ्याच्या व प्रवाहाच्या समोरच्या अंगाने, इंजिनापासून दूर राहून नमुना घ्यावा लागतो. तेल शोधायला गेलेल्या होडीने स्वतःचेच तेल मोजून आणले तर काय उपयोग?

नमुना हाती आल्यावर मोजायचे काय काय? तापमान, क्षारता, सामू, पाण्यात विरघळलेला प्राणवायू, प्लवकांमधले हरितद्रव्य आणि अर्थातच तेल. पाणी किती पारदर्शक आहे हे पाहण्यासाठी दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडतात व ती कुठे दिसेनाशी होते ते पाहतात. ही युक्ती इटालियन शास्त्रज्ञ सेकी यांनी १८६५ मध्ये वापरली. मुंबईच्या पावसाळी गढूळ पाण्यात मात्र ती तबकडी लगेच दिसेनाशी होते, त्यामुळे तिचा फारसा उपयोग नाही.

प्राणवायूची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती फार महत्त्वाची आहे. समुद्रात तेल खाणारे सूक्ष्मजीव असतात. तेल मिळाले की ते वाढतात आणि तेलाचे विघटन करतात. चांगलेच की! पण त्यासाठी ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. १ ग्रॅम तेल पुरते जाळायला किंवा पचवायला सुमारे ३.४ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे १ लिटर तेलाला तीन किलोग्रॅम. आता समुद्राच्या १ लिटर पाण्यात, तापमान २८ अंश सेल्सिअस असताना, फार तर साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. साधारण ६ धरू. भागाकार करा, उत्तर येईल सुमारे ५ लाख लिटर पाणी. सहा मीटर व्यासाच्या आणि दहा मीटर पाणी असलेल्या आपल्या शेतातल्या विहिरीत पावणेतीन-तीन लाख लिटर पाणी मावते. अशा जवळजवळ दोन विहिरींतला सगळा प्राणवायू एका लिटर तेलापायी संपेल! खुल्या समुद्रात लाटांमुळे हवेतून नवा प्राणवायू येत राहतो, म्हणून पाणी एकदम गुदमरत नाही. पण बंद खाडीत, चिखलाजवळ, जिथे पाणी हलत नाही तिथे धोका असतो.

हा प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधली आणि ती आजही वापरतात. बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेटचे द्रावण आणि अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. नंतर सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळतो आणि प्राणवायूच्या प्रमाणात आयोडिन मोकळे होते. पाणी चहासारखे पिवळसर-तपकिरी दिसते. मग त्यात थेंब थेंब हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, द्रावण सोडायचे. रंग फिका झाला की पिठाची खळ घालायची, म्हणजे द्रावण निळे होते. निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो तिथे थांबायचे. किती हायपो लागला त्यावरून प्राणवायू काढता येतो. नागपूरच्या ‘नीरी’सारख्या संस्थेत, म्हणजे १९५८ मध्ये सुरू झालेल्या व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, नदीनाल्यांच्या पाण्याची परीक्षा करणाऱ्यांना ही रीत अगदी अंगवळणी पडलेली असते. पाणी नदीचे असो की समुद्राचे, रसायन तेच.

तेल मोजण्याची तऱ्हा निराळी. पाणी एका नरसाळ्यासारख्या पात्रात हेक्झेन नावाच्या द्रवाबरोबर खूप हलवतात. तेलाला पाण्यापेक्षा हेक्झेन प्रिय! ते पाणी सोडून हेक्झेनमध्ये जाते. खालचे पाणी तोटीने काढून टाकतात. उरलेल्या द्रवावर अतिनील किरण टाकले की तेलातले काही पदार्थ निळसर प्रकाश देतात. जितके तेल जास्त तितका प्रकाश जास्त. या रीतीने लिटरमागे एक मायक्रोग्रॅम तेलसुद्धा पकडता येते. म्हणजे किती? दहा लाख टन पाण्यात एक किलो.

आकडा मिळाला. पण एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो, आणि खरी अडचण इथे सुरू होते. समजा, खाडीतल्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅम निघाला. दोष तेलाचा? मुंबईचे सांडपाणी तर वर्षानुवर्षे खाड्यांत जाते. प्राणवायू कदाचित आधीपासूनच कमी असेल. क्षारता कमी निघाली तर ती पावसामुळे असेल. सकाळी ओहोटीला घेतलेला नमुना खाडीच्या आतले पाणी दाखवतो आणि दुपारी भरतीला घेतलेला बाहेरच्या समुद्राचे. म्हणून नमुने भरती-ओहोटीच्या ठराविक वेळीच घ्यायचे, तेल न पोचलेल्या एखाद्या जागेचे पाणीही मोजायचे आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अपघातापूर्वीच्या नोंदी शोधायच्या. ज्या खाडीची आधीची नोंदच नाही तिथे किती बिघडले हे कोण सांगणार? अपघाताच्या दिवशी धावत जाणाऱ्यापेक्षा, काहीही घडलेले नसताना दर महिन्याला बाटली बुडवून आकडा लिहून ठेवणारा माणूस अशा वेळी अधिक उपयोगी पडतो असे माझे मत आहे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून पश्चिम किनाऱ्याच्या पाण्याची माहिती जमवते आहे, ती यासाठीच मोलाची.

आणखी एक गोंधळ. बंदरात जहाजे नेहमीच थोडेबहुत तेल सोडतात. पावसाळ्याच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराच्या गोळ्या वाहून येतात. मग हा नमुना ‘चित्रा’चाच कशावरून? यासाठी तेलाची ओळख पटवतात. तेलात शेकडो पदार्थ असतात व प्रत्येक तेलात त्यांचे परस्पर प्रमाण वेगळे असते. वायुवर्णलेखन यंत्रातून काढलेला आलेख जहाजाच्या टाकीतल्या तेलाच्या आलेखाशी ताडून पाहतात, बोटांचे ठसे ताडावेत तसे. नुकसानभरपाई कुणी द्यायची हे पुष्कळदा या आलेखावर ठरते.

फवारणीचेही असेच. तेलावर जी रसायने फवारतात ती तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळतात. वरून पाहणाऱ्याला समुद्र स्वच्छ झालेला दिसतो. पण त्याच वेळी खालच्या पाण्यातला तेलाचा आकडा वाढलेला असतो! खोल, खुल्या समुद्रात ते थेंब लवकर विरळ होतात. उथळ खाडीत मात्र हा सौदा महागात पडू शकतो, म्हणून कुठे फवारायचे हे फार विचाराने ठरवावे लागते.

सगळी तेलेही एकसारखी वागत नाहीत. १७ मे १९९३ रोजी बॉम्बे हाय ते उरण ही समुद्रतळावरची तेलवाहिनी फुटली आणि सुमारे ६,००० टन कच्चे तेल बाहेर आले. ‘चित्रा’च्या कितीतरी पट! पण बॉम्बे हायचे तेल हलके. उन्हाळ्यातल्या कोमट समुद्रावर त्यातला बराच भाग हवेत उडून गेला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा मुरुडच्या परिसरातील पाणी, प्लवक आणि चिखल तपासला होता. उलट ‘चित्रा’चे इंधनतेल जड, ते उडत नाही, पाणी शोषून फुगते, गाळाला चिकटते आणि खाली बसते. खाडीतल्या तिवरांची मुळे चिखलातून वर टोके काढून श्वास घेतात. तेलाने ती टोके माखली की झाड गुदमरते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे गाडले गेलेले तेल सूक्ष्मजीवांनाही नीट पचवता येत नाही. पाण्याचा आकडा काही आठवड्यांत खाली आला तरी चिखलाचा आकडा पुढे कितीतरी काळ मोजत राहावा लागतो.

आणि माशाचे काय? पोहणारा मासा शक्य तर तेलापासून दूर जातो. शिवाय त्याचे यकृत तेलातले बरेच पदार्थ मोडून बाहेर टाकते, म्हणून स्वच्छ पाण्यात आल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा खाण्याजोगा होतो. तिसऱ्या आणि कालवे यांना पळताही येत नाही आणि तेल लवकर मोडताही येत नाही. ती दिवसभर पाणी गाळून खातात, त्यामुळे त्यांच्या अंगात तेल साठते. म्हणून मासेमारी खुली झाली तरी खाडीतल्या तिसऱ्या वेचण्यासाठी अधिक दिवस थांबणे शहाणपणाचे असते. तपासणीत यंत्रांच्या बरोबरीने माणसाचे नाकही वापरतात, बरे का! वास ओळखण्याचा सराव केलेली माणसे शिजवलेला मासा हुंगतात, कुठला कोणता हे त्यांना सांगत नाहीत, आणि त्यांना रॉकेलसारखा वास आला तर तो मासा बाजारात जात नाही.

आता थाळीकडे परत या. एव्हाना सालीचा तवंग बराचसा उडून गेला असेल. लिमोनिन हलके आहे. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडून वापरलेल्या इंजिन तेलाचे दोन थेंब मागून आणा. काचेच्या दोन बरण्यांत पाणी घ्या व दोन्हींत एकेक थेंब टाका. एकीत शेतातली चिमूटभर बारीक काळी माती घालून दोन्ही बरण्या सारख्याच हलवा आणि सावलीत ठेवा. रोज संध्याकाळी पाण्यावर किती तेल आहे आणि तळाशी काय बसले आहे ते वहीत लिहा. प्रयोग संपल्यावर तेलकट पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. भुश्श्यात जिरवून तो वेगळा ठेवा. मातीच्या बरणीत वर दिसणारे तेल कमी होईल. ते कुठे गेले, हे तळाच्या गाळाला काडीने ढवळून पाहा.